न केलेल्या चुकीचा माफीनामा

ताईस, धाकट्या पिल-ग्यूचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींनी दारू सोडली, की दारूनेच दाजींना? (हे त्यांच्यासमोर वाचू नकोस.) इकडे देजॉनला थंडी पडलीय, मी बरा आहे, आणि चार महिन्यांत मला कुणी हाकललेलं नाही, हा आपल्या घरातला विक्रम समज.

मी उंदीर सांभाळतो. आमचे प्राध्यापक मेंग उंदराच्या पायातला एक स्नायू अख्खा काढून परत तिथेच शिवतात. (बोटीवर मी याहून बरी जाळी शिवायचो. त्या बोटीवरून मला का उतरवलं ते राहू दे.) रक्तपुरवठा तुटल्यामुळे स्नायू आतून मरतो, मग कडेने नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तो पुन्हा वाढतो. प्राध्यापकांचं औषध या वाहिन्या भराभर आणणार होतं. म्हणून अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. निकालाआधीच साहेबांनी तांदळाच्या गोड वड्या वाटल्या (मी पाच खाल्ल्या).

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली मोजदाद झाली. मिठाच्या पाण्यावरचे स्नायू लालबुंद, औषधवाले उकडलेल्या मुळ्यासारखे पांढरे.

"पिल-ग्यू, तू पिंजरे बदललेस."

"सर, प्रत्येकाच्या कानाला खूण आहे. पिंजरा बदलला तरी कान कसा बदलेल?"

"मग कान चुकवले असशील! शुक्रवारपर्यंत माफीनामा दे, नाहीतर चालू लाग."

शुक्रवारी औषध कंपनीची माणसं येणार. माझी सही झाली की आकडे उलटे धरणार आणि औषध माणसांच्या पायात जाणार. ताई, नूडल्सवाल्याची मोटरसायकल मी नदीत घातली तेव्हा कुणी लेखी मागितलं नाही. जन्मात पहिल्यांदा चूक माझी नाही, तर ती माझ्या अक्षरात हवीय! एरवी साहेब भले. गेल्या महिन्यात मेलेल्या उंदरांच्या नावाने फळं मांडली, तेव्हा त्यांच्या आठवणीच्या दगडापुढे सगळ्यांत आधी तेच वाकले. उंदरांपुढे वाकतात, आकड्यांपुढे नाही.

तू कचेरीत रोज असले कागद लिहितेस. जडशा शब्दांत एक माफीनामा लिहून पाठव, मी सही ठोकतो. पोटाचा प्रश्न आहे.

तुझा,
पिल-ग्यू

ता. क. : राहू दे. पत्र टाकायला निघालो तर फाटकाशी एक बाई भेटली. तिच्या पाठीचा स्नायू काढून पोटरीला लावलेला. "नवं औषध कधी येणार रे, बाबा?" म्हणाली. परत फिरलो आणि मीच लिहिलं: "मी पिंजरे बदलले नाहीत, याबद्दल मनापासून दिलगीर आहे." खाली माझ्या नावाचा शिक्का मारला. आज कंपनीच्या चारही पाहुण्यांना चहाबरोबर एकेक प्रत दिली.

ता. ता. क. : तुमची वरची खोली रिकामी आहे ना? उत्तर टपालाने नको. हे पत्र तुझ्या हाती देऊन मी दारातच उभा आहे.