चौथ्या घराचं दळण

आई, आज दुसरी गिरणी बसली. पहिलीच्या शेजारीच, पण मध्ये एक माणूस वाकून दगड काढू शकेल एवढी जागा सोडून, तू सोडायचीस तशी. सकाळी अकरा वाजता खटका दाबला, पट्टा एकदा फडफडला, मग सरळ पळायला लागला आणि तो आवाज आला. इथे कॅनडात, मिसिसागात, विमानतळाच्या मागे, गोदामांच्या रांगेतल्या एका पत्र्याच्या गाळ्यात आपल्या बार्शीचा आवाज. इथे डोक्यावरून सारखी विमानं जातात, पण गिरणी चालू असली की ती ऐकू येत नाहीत. मी उभ्या उभ्या रडले आणि लगेच डोळे पुसले, कारण ओल्या गालावर पीठ बसलं की ते लवकर निघत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. जिंकले गं मी. हे कुणाला तरी मोठ्यानं सांगायचं होतं, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी पहिली तूच आठवलीस.

तू असतीस तर आधी चिडली असतीस. मला गिरणीत उभं राहावं लागू नये म्हणून तर तू मला इंजिनियर केलंस. भुवयांवर पीठ, केसांत पीठ, रात्री खोकला, हे सगळं तुझ्यापाशीच संपावं अशी तुझी इच्छा होती. मी पुण्यात नोकरी केली, मग नवऱ्याबरोबर इथे आले, बारा वर्षं एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासत बसले, आणि एका मंगळवारी स्क्रीनवरच्या दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये आमची अख्खी टीम घरी गेली. पुढचे काही महिने मी अर्ज करत होते आणि भाकरी थापत होते. भाकरी धड होत नव्हती. इथल्या दुकानातलं ज्वारीचं पीठ कधी दळलेलं असतं देव जाणे, थापायला घेतलं की कडेनं फाटतं. एक दिवस मी फाटलेली भाकरी तव्यावरून काढून नवऱ्याला म्हटलं, मी गिरणी टाकते. तो नागपूरचा, ताटावरून मान वर न करता म्हणाला, "टाक नं. पण ख्रिसमसपर्यंत. नाही जमलं तर पुन्हा अप्लाय करायचं, मग रडायचं नाही." मी हो म्हटलं. दिवाळखोर होणं परवडणारं नव्हतं, घराचे हप्ते चालू होते.

मग कंजूषपणा कसा केला ते ऐक, तुला आवडेल. वकील केला नाही, कंपनीचा फॉर्म स्वतःच ऑनलाइन भरला. इथे कंपनीला नाव हवं असेल तर ते नाव आधी दुसऱ्या कुणी घेतलंय का हे शोधून घ्यावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. नाव नको असेल तर सरकार नुसता एक नंबर देतं. मी नंबर घेतला. तुझ्या लेकीच्या कंपनीला नाव नव्हतं, सात आकडे होते. नवरा म्हणायचा, "कैद्याला देतात तसा नंबर भेटला तुले." पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुझ्या गिरणीवर तरी कुठे पाटी होती? सगळं गाव बाईंची गिरणी म्हणायचं, तेवढ्यावर तीस वर्षं चालली.

स्कारबरोत, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, एक भाड्याचं स्वयंपाकघर आहे. तिथे तासावर जागा मिळते, कुणी लोणची घालतं, कुणी केक करतं. त्यांच्या मागच्या बाजूला एक रिकामी बंद खोली होती, ती मी स्वस्तात मागून घेतली. गिरणी मात्र कोरी हवी होती, गहू न पाहिलेली, म्हणून ती गुजरातहून बोटीनं मागवली. आली, बसवली, आणि पहिल्याच दिवशी पीठ पोळण्याइतकं गरम येऊ लागलं. इथल्या विजेवर आपल्याकडची मोटर जास्त जोरात पळते, हे मी इंजिनियर असून विसरले होते. तू पिठाला हाताची मागची बाजू लावून बघायचीस आणि म्हणायचीस, "पीठ करपतंय, जरा दम घे." तसाच हात लावला, पुली बदलून घेतली, आणि पीठ पुन्हा माणसात आलं. पिशव्यांवरची लेबलं घरच्या प्रिंटरवर काढली. पोती आणायला आमचीच गाडी, मागची सीट काढून. मुलगी म्हणाली, "आई, द कार स्मेल्स लाइक भाकरी." तिला ती तक्रार वाटत होती.

आपली मराठी माणसं पीठ नेत होती, कौतुक करत होती, पण कौतुकावर कंपनी चालत नाही. आपल्या माणसांना पाच किलोवर अर्धा किलो वर लागतं आणि ते मागताना लाजही वाटत नाही. मला तारलं ते गहू न चालणाऱ्या लोकांनी. आई, इथे अशी पुष्कळ माणसं आहेत की ज्यांच्या पोटात गव्हाचा कण गेला तरी ती आजारी पडतात. आवड-नावड नव्हे, दुखणंच असतं ते. लव्हालला, म्हणजे इथून सहा तासांवर माँट्रियलच्या पलीकडे, एका बाईची बेकरी आहे. तिच्या स्वतःच्या मुलीला हा त्रास, म्हणून तिच्याकडे सगळा पाव बिनगव्हाचा. तिला ताज्या ज्वारीच्या पिठाचा नमुना पाठवला, तिला तो आवडला, आणि ऑक्टोबरमध्ये तिनं पहिली मोठी ऑर्डर दिली. ती टिकली तर ख्रिसमसच काय, पुढचं सगळं वर्ष निघणार होतं. गेली तर पुन्हा अर्ज.

गव्हाचा कण जाऊ न देणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उपवासाच्या दळणाच्या दिवशी तू दगड उघडायचीस, ब्रशनं खाचाखाचांतून गहू काढायचीस, पहिलं दोन किलो बाजूला टाकायचीस आणि मगच भगर घ्यायचीस. मी बारा वर्षांची असताना महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी तू बाजारात गेलीस, गिरणी माझ्यावर होती, आणि मला मैत्रिणीकडे टीव्ही बघायला जायचं होतं. मी गव्हावरच भगर दळली. चार घरांचे चार डबे. ते डबे लोक घेऊन गेल्यावर तू परत आलीस, खाली सांडलेली चिमूट उचललीस, बोटांत चोळलीस आणि माझ्याकडे बघितलंस. ओरडली नाहीस. आपल्या घरची भगर काढलीस, दगड उघडलेस, पुन्हा दळलंस, चार पुड्या बांधल्यास आणि माझ्या हातात दिल्यास. "चार घरं आहेत. चारी घरी तुझ्या तोंडानं सांग, माझ्या हातून दळण बाटलं म्हणून. मी येणार नाही." मी गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले. तू चुलीपाशी होतीस, मागे न वळता विचारलंस, "सांगितलंस?" मी म्हटलं, सांगून आले. आठ दिवसांनी तू दगड साफ करायचा तुझा ब्रश माझ्या हातात ठेवलास, तो काथ्याचा, लाकडी मुठीचा. म्हणालीस, "आजपासून हे काम तुझं." मला बाकी कुणी काहीही दिलं असेल, एवढं मोठं काही दिलं नाही. तो ब्रश सगळ्या घरांतून, सगळ्या देशांतून माझ्याबरोबर आला. इथल्या नियमात बसत नाही म्हणून पिठाला लावत नाही, पण गाळ्यात खिळ्यावर टांगलेला आहे.

तर दसरा आला. कॅनडातली पहिली गिरणी, पहिला दसरा, आणि मी पूजा केली नसती तर तू स्वप्नात येऊन मला धरलं असतंस. झेंडूची फुलं इंडियन ग्रोसरीतून आणली, हळदकुंकू वाहिलं, आणि तू करायचीस तेच सगळं केलं. पाच मुठी गहू गिरणीच्या तोंडात टाकले, दळले, गिरणी बंद केली आणि त्या पिठाचा शिरा नैवेद्याला केला. दसऱ्याला गिरणीला पाना लावायचा नाही, तिची सुट्टी, म्हणून दगड उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी खोली सकाळी दोनच तास मिळाली होती, मी धावत गेले, गिरणीचं तोंड पुसलं, लव्हालची ज्वारी ओतली, पिशव्या भरल्या आणि ट्रकवर चढवल्या. आई, मी इंजिनियर, मी तुझी लेक, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाचं ते माझ्या लेखी गहू नव्हतंच.

दोन दिवसांनी न्याहारीला उरलेला शिरा गरम केला. नवरा दुसरा घास घेत म्हणाला, "मस्त झालाय. कणिक कुठली गं ही?" माझा चमचा तसाच हवेत राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्यालाही समजलं. तो हळूच म्हणाला, "पाच मुठीच तर होत्या. त्यांना कळणार बी नाही." तो वाईट माणूस नाही, त्याला घराचे हप्ते दिसत होते. मलाही दिसत होते. मी उठले, बेसमेंटमध्ये गेले आणि फोन हातात घेऊन पायरीवर बसले. मला लव्हाल दिसत नव्हतं. मला बार्शीतलं चौथं घर दिसत होतं. मी नंबर लावला.

"बोंजूर," ती म्हणाली. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. पलीकडे भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मादाम, व्हाय डिड यू पुट व्हीट इन द मशीन?" मी म्हटलं, "फॉर गॉड." आई, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं आणि सगळ्यात वेडगळ उत्तर तेच. मग तिच्याकडून समजलं. पीठ आदल्या दिवशी पोचलं होतं, त्या सकाळचे पाव त्याचेच होते, अजून दुकान उघडलं नव्हतं. तिनं सगळे पाव उचलून फेकले. मुलीच्या डब्यातलासुद्धा काढला. मला एवढंच म्हणाली, "डू नॉट सेंड एनिथिंग." फोन ठेवला. मी नवऱ्याला सांगितलं, ऑर्डर गेली. त्यानं शिरा झाकून ठेवला.

तीन आठवडे नोकरीचे अर्ज लिहिले. चौथ्या सोमवारी ती बाई स्कारबरोत दारात उभी. लव्हालहून स्वतः गाडी चालवत आली होती, पहिला बर्फ पडलेला, बुटांना चिखल. तिनं मला दगड उघडायला लावले. मी तिच्यासमोर सगळं केलं, तुझ्या पद्धतीनं, खाच न खाच, पहिलं दोन किलो बाजूला. ती एका स्टुलावर बसून बघत होती. मग तिनं विचारलं, देव कुठे ठेवला होता. मी गिरणीवरची जागा दाखवली, कुंकवाचं बोट अजून होतं. ती वाकून त्याच्याकडे बघत, अगदी गंभीरपणे म्हणाली, "बों. टेल हिम, नेक्स्ट यिअर ही गेट्स सॉर्घम." देवाला सांग, पुढच्या वर्षी ज्वारी. मी हसायला लागले, मग तीही. तिनं दुप्पट ऑर्डर दिली आणि तिच्या ओळखीच्या आणखी बेकऱ्यांना माझा नंबर दिला. ख्रिसमसला नवऱ्यानं स्वतः पोती उचलली, पाठ धरली, दोन दिवस झोपून होता आणि तक्रार केली नाही. यंदाच्या दसऱ्याला देवाला ज्वारी मिळाली. शिरा बिघडला, पण देव काही बोलला नाही.

उन्हाळ्यात पहिली गिरणी स्कारबरोहून या गाळ्यात हलवली, आणि आज शेजारी दुसरी बसली. आता नाव शोधायचे पैसे आहेत. फॉर्म समोर उघडा आहे, आकडे जाऊन तिथे तुझं नाव यायचंय. नवरा म्हणतो, कर की, थांबलीस कशाला. थांबले ते यासाठी.

आई, मी तीनच घरी गेले होते. चौथी त्या ओढ्याकडेची निवृत्त हेडबाई, एकटी राहायची, मला तिची फार भीती वाटायची. मी तिच्या दारापर्यंत गेले. आत ती पाटावर बसून पोथी वाचत होती. मी वळले आणि चौथी पुडी वाटेतल्या गाईपुढे सोडली. हेडबाईनं शिवरात्रीला गव्हाचं खाल्लं, आणि नंतर गिरणीत येऊन तुला म्हणाली, बाई, यंदा भगर काय मऊ झाली हो. तुला वाटलं, ती तुझ्याच पुडीबद्दल बोलतेय, आणि तू माझ्याकडे बघून हसलीस. त्याच दिवशी ब्रश दिलास. मी तो घेतला.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही. तुझा पत्ता असता तरी शेवटचा हा मजकूर मी फाडून मगच पाकीट चिकटवलं असतं. पण लिहून तरी झालं. आता तुझं नाव भरते.