खांबाजवळची बाई

१६ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ठमे,

तुझं पत्र एप्रिलमध्ये आलं आणि उत्तराला मी नोव्हेंबर उजाडवला. माफ कर म्हणायलाही आता लाज वाटते. मधल्या काळात आपण फोनवर आईच्या गुडघ्याबद्दल बोललो, रक्तदाबाच्या बदललेल्या गोळ्यांबद्दल बोललो, सभेत चक्क घोरणाऱ्या तुझ्या मुख्याध्यापकांबद्दलही बोललो; पण पत्राचं नाव तूही काढलं नाहीस आणि मीही. या ओळीच्या आधी मी ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं म्हणून त्यावर रेघ मारली. खालचे शब्द वाचता येतात, ते मुद्दामच तसे ठेवलेत.

आई मजेत आहे. तुझ्या खोलीत आता तिची शिवणाची मशीन असते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तुमच्या बँडचं ते पिवळं पोस्टर अजून आहे. ‘काय तो ठणठणाट होता बाई’ असं म्हणत ती रोज त्याच्यावरची धूळ पुसते. माझं रुग्णालयातलं औषधांचं काम चालू आहे. परवा एका नव्या सहकारिणीने रजिस्टरातली चुकलेली नोंद पांढऱ्या रंगाने झाकून टाकली. मी तिला पानच परत आणायला लावलं. आमच्याकडे चूक झाली तर खोडायची नसते, झाकायची तर नसतेच. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर ते लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. ती म्हणाली, “मॅडम, इतकं कशाला, कोण बघतंय?” मी अर्धा तास तिला हे का महत्त्वाचं आहे ते सांगत बसले. घरी येताना मात्र मला माझीच फार लाज वाटत होती. का, ते पुढे सांगते.

तू लिहिलंस की डॉक्टरच्या डोक्यात पुन्हा खूळ शिरलंय. (कवळ्या बसवणारा माणूस फावल्या वेळात ड्रम बडवतो हे त्याच्या पेशंटना कळलं तर खुर्चीत बसतील का, हा माझा जुना प्रश्न कायम आहे.) जानेवारीत एका दुपारी, त्याच जुन्या हॉलमध्ये, तुम्ही चौघांनी एकदाच वाजवायचं. पुढे तू लिहिलंस, “मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझी वही काढ आणि तुला खरंच आवडलेले कार्यक्रम कोणते ते सांग. त्यावरून ठरवेन. आणि कृपा करून गोड लिहू नकोस.” त्या शेवटच्या वाक्याशी मी सात महिने अडले.

वही काढली. एकूण एकशे बारा कार्यक्रम आहेत, त्यातले अडतीस तुमचे. बहुतेक सगळे तुमच्यासारखेच, आपली गाणी आपण लिहिणारे, आपले स्पीकर आपणच उचलणारे इंडी रॉकवाले. एक पान एका कार्यक्रमाला. गाण्यांचा क्रम, मी कुठे उभी होते, कोण कुठे चुकलं, आणि खाली एक वाक्य. नियम एकच होता: आत उभं राहून जे स्वतःच्या कानांनी ऐकलं तेच लिहायचं. कुणी सांगितलेलं नाही.

आवडते म्हणशील तर पहिला तुमचा नाहीच. पुस्तकांच्या दुकानात चार बायकांचा तो बँड आठवतो? तिसऱ्या गाण्याला वीज गेली. त्यांनी गिटार खाली ठेवल्या, ड्रमवाली एका खोक्यावर बोटांनी वाजवायला लागली आणि बाकीच्या नुसत्या गळ्याने गायल्या. ऐकू यावं म्हणून सगळी माणसं एकेक पाऊल पुढे सरकली, इतकी की गाणारीच्या चपलेवर माझा पाय पडला. वीज आली तेव्हा कुणाला तितकासा आनंद झाला नाही. तू माझ्या कानात म्हणालीस, “आपण बँड काढायचा.” ते वाक्य वहीत आहे.

दुसरा तुमचा सातवा, गाड्यांच्या गॅरेजमधला. मधेच एक गृहस्थ आपली गाडी न्यायला आले आणि ती नेमकी तुमच्या मागे उभी. मालक म्हणाला, “ताई, दोन मिनिटं, गिऱ्हाइकाला घाई आहे.” तू गाणं थांबवलं नाहीस. गिटारवाला भिंतीला चिकटला, डॉक्टरने झांजा छातीशी धरल्या आणि तू त्याच चालीत “डावीकडे, अजून डावीकडे, काका आरसा बघा” असं गात गाडी बाहेर काढलीस. त्या काकांनी फाटकापाशी गाडी लावली आणि ते परत येऊन शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. मी खाली लिहिलंय: ‘घाई नव्हती तर.’

तिसरा बाविसावा. अकरा श्रोते, त्यातले चार तुमच्या नंतर वाजवणारे. मला वाटलं, आता ही खट्टू होणार. पण तू अकराही जणांकडे एकेकदा बघून गायलीस. बास गिटार वाजवणारा आपला मौनीबाबा त्या दिवशी हसला, त्याची मी वेळसुद्धा टिपून ठेवली आहे: पाच वाजून चाळीस मिनिटं. पुन्हा हसल्याची नोंद नाही.

आणि माझी जागा. प्रत्येक ठिकाणी मी उजवीकडची शोधायची. त्या जुन्या हॉलमध्ये तर उजवीकडचा तिसरा खांब. तू गाताना एकदा तिकडे नजर टाकायचीस, मी आहे ना बघायचीस आणि मग विसरून जायचीस. तिकीट मी नेहमी स्वतः काढलं, रांगेत उभी राहिले. गाणारीची बहीण आहे हे दारावर कधीही सांगितलं नाही. त्याचा मला अभिमान होता. आता वाटतं, तो जरा जास्तच होता.

आता अडतिसावा. चौदा वर्षं झाली, तरी त्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. दुपारी चारचा कार्यक्रम. आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, “उद्या नवं गाणं आहे. तू खांबापाशी अस, बाकी कुणी नसलं तरी चालेल.” माझी पाळी तीनला संपायची होती, एका वॉर्डाचं औषध चुकीचं गेलं, ते परत मागवून तपासून देईपर्यंत पावणेचार झाले. मी पांढऱ्या कोटावरच धावत आले. दारावरचा उंच माणूस म्हणाला, “बाई, तिकिटं संपली. आत मुंगी शिरायला जागा नाही.” मी म्हणाले, “बरं.” ठमे, नुसतं ‘बरं’. ‘आत माझी बहीण गातेय’ हे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. का, ते मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. नियम मोडायचा नव्हता, हे एक. कोटावर औषधाचे डाग होते, हे दुसरं. तिसरं कारण असं की ‘ओळखीने आत आली’ असं त्या परक्या माणसाला वाटू नये. त्या माणसाचा चेहराही आज आठवत नाही.

मग मी हॉलच्या मागच्या गल्लीत गेले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. भिंतीतून शब्द येत नाहीत, गिटार येत नाही. येतो नुसता गोंगाट, आणि स्पष्ट असा फक्त बास. तो पाठीला लागतो. मौनीबाबाच्या सुरांवरून मी गाणी ओळखली आणि क्रम लिहीत गेले. पहिली तीन ओळखीची होती. चौथं नवं. त्यात मधेच बाकीचा गोंगाट बंद झाला आणि एकटा बास तेच चार सूर फिरवत राहिला, मी मोजले, आठ वेळा. मग पुन्हा सगळे सुरू झाले. मला ते फार आवडलं. वहीत आहे: ‘चौथं, नवीन. शब्द नीट कळले नाहीत. मधे सगळे थांबतात, फक्त बास. नवी कल्पना. सुंदर.’ जागेपुढे मी लिहिलं: ‘मागे, गर्दीत.’ सदतीस पानांनंतर एक पान कोरं सोडायचं माझ्याच्याने झालं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी आत आले. तू वायरी गुंडाळत होतीस. मान वर न करता विचारलंस, “होतीस?” मी म्हणाले, “म्हणजे काय! खांबापर्यंत पोचता आलं नाही, मागे उभी होते.” मग तू म्हणालीस, “खरं सांग, कसं झालं?” आणि मी उत्साहाने सांगितलं, “चौथ्यात सगळे थांबता ना, ते तर लाजवाब. हे आधी कसं सुचलं नाही तुम्हाला?” तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस. “हो का? बरं,” म्हणालीस आणि उरलेली वायर गुंडाळलीस. तुझंही ते ‘बरं’ मला तेव्हा कळलं नाही. पंधरा दिवसांनी तू गाणं सोडलंस. सगळ्यांना सांगितलंस, कंटाळा आला. आईने मला विचारलं, “तुला काही बोलली का गं?” मी अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “नाही.”

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टर रुग्णालयात आमच्या औषधांच्या खिडकीवर आला. म्हणाला, “शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग जुन्या सामानात सापडलं, तुमच्याकडे असू दे. तुम्ही काय, तिथेच होता.” मी तसेच हात पुढे केले आणि ते घेतलं. पुढच्या रविवारी दुपारी आई झोपल्यावर कानाला लावून ऐकलं. पहिली तीन माझ्या यादीप्रमाणे आहेत. चौथ्याच्या आधी तू माइकवर म्हणतेस, “हे गाणं खांबाजवळच्या बाईसाठी आहे. ती पांढरा कोट घालते आणि सगळं दोनदा तपासते.” लोक हसतात. तू सुरू करतेस, पहिलं कडवं होतं, आणि दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीला तू थांबतेस. तू खांबाकडे बघितलं असणार. शब्द गेले. गिटार थांबली, डॉक्टर थांबला. कुणीतरी खोकलं. एकटा मौनीबाबा तुला सावरायला तेच चार सूर फिरवत राहिला. आठ वेळा. मी तेव्हा बरोबर मोजले होते.

हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे, ठमे. तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट अर्ध्या मिनिटाला मी लाजवाब म्हणाले. तुला वाटलं असेल की ताई टोमणा मारतेय, किंवा तिला काही ऐकूच येत नाही, आणि मग आधीच्या सदतीस वेळांची शाबासकीही तशीच होती. यातलं कुठलं वाटलं ते मला माहीत नाही. तू विचारलं नाहीस आणि मी चौदा वर्षं ओळखलं नाही. मी आत नव्हते. दार बंद होतं, आणि मी उघडायला सांगितलं नाही. आता गोड न लिहिता सांगते. रेकॉर्डिंगवर पहिल्या कडव्यात तू घाई केलीस, दोन शब्द गिळलेस. थांबल्यावर तू जिथे अडखळली होतीस त्याच ओळीपासून पुन्हा उचललंस, आवाज कापत होता, आणि तिथून शेवटपर्यंत तू जे गायलीस तसं मी सदतीस वेळांत ऐकलं नव्हतं. आवडत्यांच्या यादीत ते मी घालू शकत नाही, कारण माझा नियम आड येतो. जानेवारीत तू नाही म्हणालीस तरी मी समजेन, फक्त माझ्या त्या एका वाक्यापायी म्हणू नकोस. हो म्हणालीस तर ते चौथं गाणं गा. मी वेळेवर येईन, आणि जागा नाही म्हणाले तर दारावरच्या माणसाला सांगेन, गाणारीची ताई आहे म्हणून. दोनदा सांगेन.

तुझीच,
ताई

उद्याचं काम: वहीत तुमच्या अडतिसाव्या कार्यक्रमाच्या पानावर, ‘मागे, गर्दीत’वर एक आडवी रेघ, बाजूला ‘आत नव्हते, मागच्या गल्लीत, भिंतीबाहेर’, तारीख, सही.