घर दरवानाला देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कमरेखालचे शरीर माझे नाही असे धरले तरी चालेल, पण डोके ठिकाणावर आहे; शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून दिलेला दाखला सोबत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालणारी एकच होती, माझी पत्नी, ती माझ्याआधी गेली.

१. माझ्यामागे फार खटाटोप करू नये. मी ज्यांच्याकडे कामाला होतो त्या मालकांच्या घरून कोणी आले तर बसायला द्यावे, पाणी द्यावे आणि जाऊ द्यावे. त्यांचा हार माझ्या अंगावर घालू नये. ज्या लिफ्टसकट मी पडलो तिचा दोर बदलायला मी आधीच सांगितले होते. "अजून एक वर्ष निघेल," मालक म्हणाले होते. निघाले नाही. नंतर त्यांनी लिहून दिले की चूक माझीच, मी वीज बंद न करता लिफ्टच्या टपावर उतरलो. हे मी माफ केलेले नाही. मी गेल्यावर माझ्या वतीने दुसऱ्या कोणी करू नये.

२. पान्यांची पेटी माझ्या कामावरच्या जोडीदाराला द्यावी. त्यातला सर्वांत मोठा पाना मुळात त्याचाच आहे. मी मागून आणला होता, परत करायचा राहिला.

३. पत्नीचे शिलाई मशीन सूनबाईंना. त्यांनी ते मागितले, याचे मला बरे वाटले. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणाला.

४. राहते घर, दोन खोल्या, न्हाणीघर आणि पुढचा ओटा, हे मी माझ्या मुलाला न देता मालकांच्या बंगल्यावर पूर्वी असलेल्या दरवानाला देत आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. मुलाचा यावर हक्क नाही असे मला म्हणायचे नाही. म्हणून कारण सविस्तर लिहितो.

मी अंथरुणाला खिळलो तेव्हा पत्नी त्याच बंगल्यात पडदे शिवायला जात होती. दुसरे काम मिळेना. तिथल्या अडगळीच्या खोलीत मालकांच्या आईची चाकाची खुर्ची चादरीखाली पडून होती. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. पत्नीने मालकिणीकडे ती रीतसर मागितली. "सासूबाईंची आठवण आहे हो, ती कशी देऊ?" असे उत्तर मिळाले. आठवडाभराने पत्नीने जुन्या पडद्यांचा ढीग खुर्चीवर रचला आणि भर दुपारी खुर्ची ढकलत फाटकापाशी आली. दादाने ढीग पाहिला, खालची चाके पाहिली.

"वहिनी, तुमच्या यजमानांसाठी का?" त्याने विचारले.

"हो."

त्याने फाटक उघडले आणि उंबऱ्यावरून खुर्ची उचलून द्यायलाही मदत केली.

मी दोन दिवस त्या खुर्चीकडे बघितले नाही. चोरीच्या वस्तूत बसणार नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग बसू नका. पण छताकडे बघत पडून राहिलात म्हणून चोरी कमी होत नाही." तिसऱ्या दिवशी तिने मला उचलून खुर्चीत बसवले आणि ओट्यावर आणले. रस्त्यावर कोणीतरी सायकलचे पंक्चर काढत होते. मी ते पूर्ण होईपर्यंत बघितले. मला रडू आले, ते कशाचे हे मी तेव्हाही सांगू शकलो नसतो. त्यानंतर मी रोज बसलो, आणि आवडीने बसलो.

मुलगा तेव्हा मालकांच्याच कचेरीत शिकाऊ होता आणि वसतिगृहात राहत होता. सुट्टीत आला, खुर्ची पाहिली आणि आईकडून सगळे काढून घेतले. "बाबा, आपण गरीब आहोत, चोर नाही," तो म्हणाला. "त्यांनी तुमचं जे केलं त्याचा हिशेब असा होत नाही." पत्नी म्हणाली, "मग कसा होतो ते सांग." त्याचेही मला पटत होते आणि तिचेही, आणि खुर्चीत तर मीच बसलेलो होतो.

त्याने मला अंथरुणावर ठेवले आणि खुर्ची रस्त्याने ढकलत बंगल्यावर नेली. मालकीण म्हणाल्या, "ही आमची? गेलेली कळलंसुद्धा नाही." मग मालक बाहेर आले. फाटकातून गेली कशी, असे त्यांनी विचारले. मुलाने खरे बोलायचे ठरवले होते, तो खरे बोलला.

दादाची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. फाटकामागची खोलीही गेली, तिथे तो आणि त्याची म्हातारी आई राहत होते. थंडीचे दिवस होते. बस स्टँडच्या बाकावर आईला खोकला लागला आणि ती महिनाभरात गेली. मुलाला बढती मिळाली. ती त्याने घेतली नाही, कचेरी सोडली. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. पुढे पत्नीला ती खुर्ची बंगल्याच्या मागच्या अंगणात दिसली. तिच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या.

पत्नी दादाला डबा नेऊन देत असे. एकदा तिने त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "वहिनी, फाटक मी उघडलं. तुम्ही कशाला ओढवून घेता?" घरी येऊन ती मशीनवर बसली आणि दिवे लागेपर्यंत काहीच शिवले नाही. मुलाला तिने शेवटपर्यंत जेवायला वाढले, पण त्याच्याशी कामापुरतेच बोलली.

ती चोरीच होती. मी तिला दुसरे नाव दिलेले नाही. ज्यांच्याकडे खूप असते त्यांच्याकडून घेतले तर पाप लागत नाही, असे पत्नी म्हणे. मला पाप-पुण्याचे कळत नाही. एवढेच पाहिले की मालकांचे काही कमी झाले नाही, आणि जे कमी व्हायचे होते ते दादाच्या घरातून झाले. तो अजून एका गोदामावर राखण करतो आणि तिथेच पोत्यांच्या आडोशाला झोपतो.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलाने करावी. दुसऱ्या कोणावर माझा इतका विश्वास नाही. तो यातला शब्द इकडचा तिकडे करणार नाही. घराची चावी त्याने वकिलामार्फत न पाठवता स्वतः गोदामावर जाऊन दादाच्या हातात द्यावी.

हे सारे मी काल मुलाला वाचून दाखवले. पायांशी बसून त्याने चौथे कलम स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाला, "मी खोटं बोलायला हवं होतं का, बाबा?" मी म्हणालो, मला माहीत नाही. त्याने चष्मा पुसला.

"आणि दादांनी चावी घेतली नाही तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, तो बरोबर आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च

सही: लिहून ठेवणार, निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक

साक्षीदार १: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)