तात्यांच्या अध्यक्षीय भाषणातल्या टाळ्या

तीर्थस्वरूप वच्छलावन्सं,

तुमच्या गुडघ्यांना धक्का न लावता लांबूनच पाया पडते. नाथांच्या कृपेनं इकडं गारखेड्यात आम्ही दोघं बरे आहोत. मी तर परवापासून फारच बरी आहे. तिकडं पैठणला तुमचं औषध वेळेवर चाललंय ना?

‘आमच्या तात्याचं भाषण कसं झालं?’ असं तुम्ही फोनवर विचारलंत. (तेव्हा सांगितलं नाही, कारण तुमचे बंधू शेजारीच बसले होते.) कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे ते अध्यक्ष झाले आणि पदग्रहणाचं भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. मी शिकलेली मॅट्रिकच, पण कीर्तनं लई ऐकलीत, तेव्हा पूर्वरंग-उत्तररंग मला कळतो. पूर्वरंगात व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं झाली. मावळते अध्यक्ष कारभारीभाऊ यांचं दोनदा झालं, कारण ते खाली बसायलाच तयार नव्हते. भाषेचं म्हणाल तर दर वाक्याला ‘या निमित्तानं’ आणि मधूनमधून ‘मी फार वेळ घेणार नाही’ हे पालुपद. संदेश एकच, म्हाताऱ्यांनी एकमेकांना धरून राहावं. तो चांगलाच आहे.

पण मला धास्ती संदेशाची नव्हती. हातात माईक आला की तुमचे बंधू काहीतरी देऊन टाकतात. मागं मारुतीच्या भंडाऱ्यात ‘बुंदी आमच्याकडून’ म्हणून बसले, त्या दिवाळीत आमच्या घरी नुसता चिवडा झाला. या वेळी आठवडाभर आरशापुढं तालीम चालली होती: ‘मी जाहीर करतो की आमच्या घराची पुढची खोली आजपासून संघाचं कार्यालय.’ पुढच्या खोलीत माझं देवघर आहे, वन्सं. दिवसभर कॅरम, चहा, राजकारण, आणि मधोमध माझा बाळकृष्ण.

घरात बोलून उपयोग नव्हता (तुमच्याच घरचा स्वभाव, तुम्हाला काय सांगायचं). म्हणून ‘मी जाहीर करतो’ कानावर आलं की मी टाळ्या सुरू केल्या. मागं आमचं भजनी मंडळ बसलेलं. मी टाळी धरली की त्यांनी धरायची, ही रोजची सवय. द्वारकाबाईंनी तर ठेकाच धरला. शेजारच्या आबेदाआपा हळूच म्हणाल्या, ‘भाभी, अब्बी तो कुछ बोले बी नै.’ मी म्हटलं, ‘म्हणूनच.’

तुमचे बंधू हरखले. हात जोडले, पाणी प्यायले, पुन्हा ‘मी जाहीर करतो.’ पुन्हा टाळ्या. तिसऱ्या वेळी खोलीचं वाक्य तोंडातच विरलं आणि ते पुढच्या मुद्द्याला लागले. घरी येताना म्हणाले, ‘ते खोलीचं राहूनच गेलं बघ.’ मी म्हटलं, ‘खोली न देता एवढ्या टाळ्या पडल्या, आता कशाला द्यायची?’ त्यांना ते पटलं. देवघरापुढं बसूनच हे लिहितेय. जीव भांड्यात पडला.

तुमची भावजय,
दीपमाला

ता. क. तो पुढचा मुद्दा म्हणजे संघाची पहिली सहल. पुढच्या पौर्णिमेला पैठण, नाथांचं दर्शन, आणि जेवण ‘माझ्या थोरल्या बहिणीकडं, तिच्या हातची पुरणपोळी’. माणसं चाळीसेक होतील. पुरण जरा मऊ वाटा, निम्म्यांना कवळ्या आहेत.

आणखी एक. तेव्हा मी टाळ्या का वाजवल्या नाहीत, असं मनात आणू नका. आबेदाआपांनी कोपरानं डिवचलंसुद्धा. पण नाथांचं नाव निघाल्याबरोबर माझे हात जोडले गेले होते, आणि भाषण संपेपर्यंत ते काही सुटले नाहीत.