सोमवारचा दुपारचा पेपर

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहायची वेळ आणली ती बाबांनी. काल जेवताना म्हणाले, "केतू, सोमवारी सकाळचा इंजिनिअरिंगचा पेपर झाला की सरळ घरी यायचं. दुपारचा अकाउंट्सचा सोडून दे. ताईचा हट्ट होता, तू तिचा मान राखलास. आता ती नाही. मोकळी झालीस तू, बाळा."

तुला अजूनही ताईच म्हणतात, आणि किती मायेनं म्हणाले गं! वर माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. आणि मी काय केलं? मान हलवली! आत्ता कॉलेजच्या लायब्ररीत मशीन डिझाइनचं पुस्तक उघडून बसलेय आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय.

हे सगळं तुझंच कारस्थान! बारावीनंतर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, घरात पेढे वाटले, आणि मी तुझ्या नाशिकरोडच्या अकाउंट्सच्या क्लासमध्ये येऊन रडत बसले. मला अकाउंट्सही शिकायचं होतं. बाबांना सांगायची हिंमत नव्हती. सातपूरच्या कारखान्याच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या लेथ मशीनवर उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं, त्यांना मुलगी इंजिनिअरच हवी होती.

तू लगेच पदर खोचलास. "अगं येडे, आता दोन पदव्या एकदम करता येतात. बाहेरून बीकॉमला नाव घालू. तुझ्या बापाला मी सांगते, माझा क्लास पुढे चालवायला कुणीतरी हवं म्हणून. तू फक्त म्हणायचं, आत्या ऐकतच नाही."

बाबांनी तुझ्याशी अबोला धरला. माझ्याशी नाही. तू मजेत होतीस. "मी थोरली आहे त्याची. किती दिवस फुगून बसेल?"

थोरली होतीस ना? मग जायच्या आधी त्यांना खरं काय ते सांगून जाता येत नव्हतं? तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता तू गेलीस. दवाखान्यात मला शेवटचं काय विचारलंस, तर "घसाऱ्याची गणितं सोडवलीस का?" घसारा! यंत्रांच्या घटत्या किमतीचा हिशेब, अशा वेळी!

पहिल्या वर्षाचा माझा तो ताळेबंद आठवतो? दोन्ही बाजूंत थोडासा फरक येत होता. मी मध्ये 'अंदाजे बरोबर'चं चिन्ह टाकून मोकळी झाले. आमच्या इंजिनिअरिंगमध्ये चालतं तसं. तू माझी वही अख्ख्या क्लासला दाखवलीस. "बघा रे, इंजिनिअरबाई आल्या! यांचा पूल पडायचा नाही, पण दुकान नक्की बुडणार." मेले मी लाजेनं! घरी जाऊन चूक शोधत बसले. एक रक्कम उलट्या बाजूला लिहिली होती. ती जागेवर टाकली आणि दोन्ही बेरजा अशा जुळल्या की माझी धडधडच थांबली.

माझी धडधड तुला ठाऊक आहे. गॅस बंद केला का, हॉल तिकीट घेतलं का, सतत काहीतरी कुरतडत असतं. हिशेब जुळला की तेवढा वेळ सगळं गप्प होतं. इंजिनिअरिंगही आवडतं मला, खोटं कशाला बोलू? पण अकाउंट्स माझं आहे. हे फक्त तुला माहीत होतं.

आणि बाबांचंच बरोबर असेल तर? मागच्या सत्रात मशीन डिझाइनला केटी लागली, विषय राहिला, तेव्हापासून ते म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवलाय हिनं. सोमवारी सकाळी तोच पेपर पुन्हा आहे. तो परत गेला तर? त्यात दुपारचाही गेला तर? बाबा ओरडणार नाहीत गं, गप्प बसतील. ते मला सोसत नाही.

शिवाय गंगापूर रोडच्या कॉलेजवरून नाशिकरोडचं परीक्षा केंद्र गाठायचं, म्हणजे मध्ये द्वारका चौकातली कोंडी आलीच! दर परीक्षेला तू स्कूटर हाकायचीस आणि मी मागे बसून मोठमोठ्यानं हिशेबाच्या नोंदी म्हणायचे. सिग्नलला रिक्षावाले वळून बघायचे. "बघू देत, फुकटात शिकतायत तेही," म्हणायचीस. या वेळी गेटवर बाबा असतील. मला ऊन लागू नये म्हणून शेजारच्यांची गाडी मागून आणणार आहेत, घरी न्यायला.

आज सकाळी चहाच्या वेळी धीर केला. "बाबा..." म्हटलं. ते म्हणाले, "काय गं?" आणि माझ्या तोंडून आलं, "आत्यानं मला..." तिथेच थांबले. कारण पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. आत्यानं शब्द घेतलाय, पेपर द्यावाच लागेल. बाबांनी निमूट ऐकलं असतं. गेलेल्या बहिणीचा शब्द ते कधी मोडणार नाहीत. किती सोपं होतं, आत्या! मी चहात साखर कमी आहे म्हटलं आणि उठले.

म्हणून तुला वचन देते. सोमवारी गाडीत बसले की म्हणेन, "बाबा, घरी नको, नाशिकरोडला घ्या. दुपारचा पेपरही मला द्यायचाय. मला पहिल्यापासून हे हवं होतं." आवाज चिरकेल माझा, चिरकू दे. ते नक्की विचारतील, "ताईनं सांगून ठेवलंय का तुला असं?" मी नाही म्हणेन. रागावू नकोस आत्या, पण सोमवारी मी तुझं नाव घेणार नाही.

तुझीच,
केतू