नळीचा नाद आणि तुमचा हुंकार

तात्या,

मी तुमचा धाकटा मुलगा. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सध्या सिंगापुरात जहाजांना सशस्त्र रक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीत खरेदी व्यवस्थापक. परवा मी काही बंदुका नाकारल्या. त्यामागचे खरे कारण कंपनीला सांगता आलेले नाही; ते तुम्हाला सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

मिरजेच्या आपल्या बंदुकांच्या दुकानात तुम्ही खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर बसलेले असता आणि समोर कोणी ऊसवाला डुकरे हाकलायला स्वस्तातली दुनळी मागत असतो. तुम्ही बंदुकीआधी तिचा पट्टा उचलता, त्याची कडी अंगठ्याने दाबून बघता. "दिसतं तिथे ज्याने काटकसर केली, त्याने न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल?" हे त्याला नव्हे, मला उद्देशून असते. मग नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, त्यांच्या खालच्या आकड्याला सुतळी बांधून अधांतरी धरायच्या आणि बोटाच्या पेराने ठोकायचे. जोड सुटला असेल किंवा चीर असेल तर आवाज बसका येतो, फुटक्या मडक्यासारखा. नाही तर घंटेसारखा लांबत जातो. सुतळी मी धरायचो. "श्वास कसला घेतोस? ऐकतोयस ना?" असे एकदा गिऱ्हाइकादेखत ओरडला होतात. नाद पुरता विरल्यावर तुम्ही नाकातून नुसते "हं" म्हणायचात. ती तुमची पसंती असे.

तुमच्या हातची शेवटची दुनळीही उत्तम वाजली होती. तुम्ही "हं" म्हणालात, रिवाजाप्रमाणे पहिला बार स्वतः काढायला खाणीकडे गेलात, आणि काडतूस बसते नेमकी तिथेच नळी फाटली. त्यातच तुम्ही गेलात आणि दुकान बंद झाले. मी हिशेबाच्या परीक्षा दिल्या आणि बंदुकीशी आपला संबंध संपला असे धरून चाललो.

परवा इथल्या तुआस या कारखान्यांच्या भागातल्या परवानाधारक गोदामात स्वस्त दुनळ्यांचे नमुने आले होते. बिनखिडक्यांची खोली, वर ट्यूबलाइट. पुरवठादाराचा स्थानिक प्रतिनिधी आणि आमच्या रक्षकांपैकी एक निवृत्त हवालदार, साताऱ्याकडचे, असे दोघे सोबत होते. जहाज खुल्या समुद्रात पोहोचले की या बंदुकांचा पहिला बार हवालदारांनीच काढायचा होता. पट्ट्यांच्या कड्या पातळ पत्र्याच्या निघाल्या. वर बसवायच्या दुर्बिणीचे स्क्रू नखाने फिरत होते. "बॉस, धिस प्राइस, स्टिल वॉन्ट ब्रँडेड अ‍ॅक्सेसरीज आह?" प्रतिनिधी हसला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. जड दार मागे बंद झाले.

मी पहिल्या नमुन्याच्या नळ्या सोडवल्या आणि सुतळी मागितली. "साहेब, पाळना बांधताय व्हय?" असे म्हणत हवालदारांनी ती धरली. मी ठोकले. नाद इतका स्वच्छ, इतका लांब होता की मी नकळत श्वास रोखला. तो विरला. आणि माझ्या डाव्या बाजूने, कमरेच्या थोडे खालून, बुटक्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, "हं" असे ऐकू आले.

मी हललो नाही. वातानुकूलन यंत्राची घरघर मी वेगळी काढून पाहिली. तो आवाज तिचा नव्हता. हवालदार माझ्याकडे नाही, माझ्या डावीकडच्या मोकळ्या जमिनीकडे पाहत होते. "काय म्हनालात, साहेब?"

"मी काही बोललो नाही."

सुतळीला टांगलेल्या नळ्या संथपणे गोल फिरत राहिल्या. मी त्या थांबवून दुसऱ्या नमुन्यावर ठोकले. तोही निर्दोष वाजला, आणि पुन्हा डावीकडून तीच पसंती आली, पहिल्यापेक्षा जवळून.

तुमच्या पसंतीची किंमत मला ठाऊक आहे, तात्या. मी सगळा माल नाकारला.

"व्हॉट? फॅक्टरी टेस्ट ओके, व्हाय रिजेक्ट?" प्रतिनिधी परत येऊन विचारू लागला. मी कड्या आणि स्क्रू दाखवले. दोन्ही दोष खरे होते, आणि बदलून घेता येण्यासारखेही होते. हवालदारांनी त्याच्यासमोर माझी टर उडवली. "चप्पल तुटकी म्हनून नवरी परत पाठवली साहेबांनी!" बाहेर उन्हात आल्यावर मात्र त्यांनी स्वतःची दहाही बोटे उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "बरं केलंत. माझी बोटं माझ्यापाशी ऱ्हायली. पन ते हं म्हननारं कोन हुतं, ते मला सांगू नका."

त्या नळ्या फाटल्या असत्या की नाही, हे आता कोणालाच कळणार नाही. तुम्ही मला सावध करत होतात, की तीच चूक तितक्याच खात्रीने पुन्हा करत होतात, हेही मला ठरवता येत नाही. जिवंतपणी तुमच्या निर्णयावर शंका घेण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पुरवठादाराचे नमुने येतील. कनिष्ठ सहकारी तपासणीला जायला तयार आहे, पण मी स्वतः जाणार असल्याचे कळवले आहे. बायकोला काम असल्याचे सांगितले. ते पूर्ण खरे नाही.

तुमचा धाकटा
सेंगकांग, सिंगापूर
खंडेनवमी