लाल टोपी

प्रिय पंचशीला,

सप्रेम जयभीम. फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस अन् लगेच ठेवतेस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या कोच मॅडमचा फोन आला होता. बाबा गेल्यापासून तू पोहण्याच्या तलावाकडं फिरकली नाहीस, खेळ सोडून गावाकडं यायचं म्हणायलीस म्हणे. ये की! घर तुझंच आहे. पण इथं येऊन करणार काय गं? लातूरला रेल्वेनं पाणी येतंय, आपल्याकडं देवणीहून टँकर आला तर आला. गावातला शिवप्पा अन् त्याची मंडळी पारावर बसून रोज गप्पांतच उदगीरचा वेगळा जिल्हा करतात. जिल्हा झाला की नळाला पाणी येईल म्हणे. मी म्हणलं, आधी एक हंडा तर भरून द्या!

आपली विहीर पार आटली. परवा डोकावले तर पोहायला शिकताना तुझ्या पाठीला बांधायचा तो तेलाचा डबा गाळात रुतलेला दिसला. बाबा काठावरून वाळका भोपळा फेकायचे अन् तू कमरेइतकी पाण्याबाहेर उसळून धरायचीस. बायका म्हणायच्या, सुमन, पोरीचा बेडूक करायलेत तुझे मालक. पहिल्यांदा विहीर आटली तेव्हा त्यांनीच तुला नांदेडला मावशीकडं नेऊन ठेवलं, तिथं तलाव आहे म्हणून. परत आले ते डोळे लाल करून. मला म्हणाले, एसटीत धूळ गेली.

मग तुझी ती परदेशातली वॉटर पोलोची मॅच. आदल्या दिवशी तूच फोनवर सांगितलंस, बाबा, पाण्यात तोंडं ओळखू येत नाहीत, लाल टोपी बघा, गोल अडवणारी ती मी. तेव्हा त्यांना दम्यानं खाटेवरून उठवत नव्हतं. तुझ्या चुलतभावानं, व्यंकटनं, मोबाईल उशीला टेकवून दिला. मोतीबिंदूचे डोळे, तरी काचेला नाक लावून बघत होते.

तुमच्यावर एकोणीस गोल झाले अन् त्याच दिवशी दिवेलागणीला बाबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलीस तेव्हा त्यांच्या फोटोसमोर पुटपुटलीस, माझी फजिती बघून त्यांनी जीव सोडला. मी ऐकलं. पण घर माणसांनी भरलेलं, मी उठून पाहुण्यांना पाणी द्यायला गेले.

आता ऐक, वेडाबाई. समोरच्या गोलातल्या पोरीची टोपीसुद्धा लालच होती. बाबा शेवटपर्यंत तिलाच तू समजले. तिनं चेंडू अडवला की खाटेवर थाप मारायचे, म्हणायचे, भोपळा धरावा तसा धरला बघ माझ्या लेकीनं! मी मात्र तुला ओळखलं होतं. चेंडू यायच्या आधी तू कानाला हात लावतेस, विहिरीत कानात पाणी जायचं तेव्हापासूनची खोड. पण त्यांचं ते तोंड बघून मी गप्प बसले. तुम्हीच जिंकलात असं समजून, समाधानानं गेला गं तो माणूस.

अन् तुझ्याकडं चेंडू आला की त्यांचा हात थांबायचा. म्हणायचे, त्या पलीकडच्या पोरीवर लई मारा व्हायलाय, कुणाची लेक हाय कोण जाणे. तरी हटत न्हाई बघ, दर वेळी पुन्हा उसळतीय. मॅच संपल्यावर त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला अन् म्हणाले, सुमन, त्या पोरीला कुणीतरी सांगायला पाहिजे, खेळ सोडू नको म्हणावं. त्यानंतर ते फारसं बोललेच नाहीत. तो निरोप पोचवायचा राहिला होता, म्हणून हे पत्र.

तुझीच,
आई